धूळ ओढायचं यंत्र

डॉक्टरांनी महेश्वरीच्या पाठीवरचा स्टेथोस्कोप काढून गळ्यात अडकवला आणि विचारलं, "घरात धूळ कुठून येते?" उमाशंकर तेव्हा भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडं बघत बसला होता. उत्तर त्याला ठाऊक होतं. निवृत्त झाल्यापासून गच्चीवरच्या खोलीत तो सकाळ-संध्याकाळ लाकूड घासत होता. सागवान, शिसम, बाभूळ, मिळेल ते. त्यातून आजवर पुष्कळसे पोळपाट निघाले होते, काही चौरंग, एक डुगडुगणारं स्टूल, आणि जिन्यावरून खाली उतरून फ्रीजवर, टीव्हीवर, उशांवर, देवघरातल्या घंटेवर बसणारा पिवळसर भुसा. कबुली द्यायच्या आधी माणूस खाकरतो तसा तो खाकरला. पण त्याच्या आधी महेश्वरीच बोलली, "शेजारी बांधकाम चालू हाय." डॉक्टरांनी मान हलवली, खिडक्या बंद ठेवायला सांगितल्या, तोंडात मारायचा पंप लिहून दिला आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. शेजारी कसलंही बांधकाम चालू नव्हतं. घराच्या एका अंगाला रिकामा प्लॉट होता आणि त्यात वेडी बाभूळ माजली होती. दुसऱ्या अंगाला सिताबाईंचं घर होतं, त्याला साधा रंग लावूनही जमाना झाला होता.

रिक्षात ती नाकाला पदर लावून बसली आणि तो तिच्या वाक्याचा विचार करत बसला. जिल्हा न्यायालयात स्टेनो म्हणून त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि खोटं ऐकणं हा त्या नोकरीचाच भाग होता. वकिलाकडं बघून बोललेलं खोटं, छताकडं बघून बोललेलं खोटं, रडत बोललेलं खोटं, सगळं त्यानं शॉर्टहँडमध्ये इमानानं उतरवून घेतलं होतं. त्याचा असा अनुभव होता की खरं बोलणारा माणूस वाक्य अर्धंच सोडतो, मागं जातो, तारीख चुकतो, स्वतःलाच दुरुस्त करतो. खोटं बोलणाऱ्याचं वाक्य पूर्ण असतं. महेश्वरीचं वाक्य पूर्ण होतं. टाईप करताना त्यात कुठं स्वल्पविरामसुद्धा द्यावा लागला नसता. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याच्यादेखत खोटं बोलल्याचं त्याला आठवेना, आणि बोलली ती त्याला वाचवायला. निदान त्याला तसं वाटलं. रिक्षा बसस्टँडच्या गर्दीत अडकली, समोरच्या एसटीनं काळा धूर सोडला, महेश्वरी खोकली. त्यानं विचारलं, "लई त्रास होतोय का?" ती म्हणाली, "एन इल्ल." म्हणजे काही नाही. जळकोटची ती. दुखलंखुपलं की तिच्या तोंडून माहेरची कन्नडच निघायची, आणि कन्नडमध्ये तिचं काहीच कधी दुखत नसे.

आता घरी गेल्यावर सरळ विचारता आलं असतं, की तू खोटं का बोललीस. पण त्याला कधीच स्वतःहून प्रश्न विचारावा लागला नव्हता. प्रश्न वकील विचारायचे, उत्तरं साक्षीदार द्यायचे, तो मधे बसून उतरवून घ्यायचा. शिवाय उत्तर काय येईल ह्याची त्याला धास्ती होती. ती म्हणेल, तुमचा आनंद कशाला घालवायचा. मग तो काय करणार होता. एवढ्या मोठ्या त्यागापुढं पोळपाट घेऊन उभं राहायचं म्हणजे अवघडच. तेव्हा त्यानं ठरवलं की बोलण्यापेक्षा करून दाखवावं. काचपेपर बंद. हातानं घासणं बंद. जगातलं उत्तमातलं उत्तम सँडर, म्हणजे विजेवर लाकूड घासणारं मशीन, आणायचं, आणि त्याला जोडायला धूळ ओढायचं यंत्र, असं की लाकडाचा एक कण त्या खोलीतून बाहेर जाणार नाही. निर्णय झाला आणि त्याला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या. फक्त कुठलं आणायचं हे ठरायचं राहिलं होतं.

पहिल्यांदा तो मार्केटमध्ये योगीराजच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. योगीराज त्याचा जुना ओळखीचा. भावकीतल्या एका दाव्यात तो साक्षीला उभा राहिला होता आणि त्याचा जबाब उमाशंकरनंच उतरवला होता. त्यामुळं दोघांमध्ये एक आदर होता आणि थोडा संकोचही. योगीराजनं कपाटावरून एक लाल मशीन काढलं. त्याच्या मागं धूळ साठायला कापडाची एवढीशी पिशवी होती, तान्ह्या बाळाच्या पायमोज्याएवढी.

"ह्याच्यात किती मायक्रॉनपर्यंत धूळ अडती?" उमाशंकरनं विचारलं.

योगीराजनं पिशवी उलटी करून बघितली. "साहेब, मोठी मोठी अडती."

"बारीक?"

"बारीक जाती. बारीक कुणाला अडत न्हाय." मग त्यानं कोपऱ्यातलं, गाड्या धुणारे लोक वापरतात तसलं व्हॅक्यूम दाखवलं. "हे जोडा म्हागं. पाणी बी ओढतंय. सतरंजी बी साफ होती."

"फिल्टर कुठल्या क्लासचा आहे? एल का एम?" बारीक धूळ अडवायचे हे क्लास उमाशंकरनं आदल्या रात्रीच मोबाइलवर वाचले होते.

"क्लास न्हाय त्याला," योगीराज म्हणाला आणि जरा खुर्ची पुढं ओढून घेतली. "साहेब, रागावू नका. बनवायचं काय हाय तुम्हाला?"

दिवाणखान्यात ठेवायच्या कशाचं तरी मोठं नाव सांगावं असं उमाशंकरला फार वाटलं, पण ह्याच माणसाला त्यानं एकदा शपथ घेताना बघितलं होतं. "पोळपाट," तो म्हणाला. योगीराजनं गंभीरपणानं मान हलवली आणि चहा सांगितला.

त्यानंतर तो मोबाइलमध्ये पुरताच शिरला. लाकूड घासणाऱ्या माणसांचा एक केवढा तरी मुलूख तिथं वसला होता. टक्कल पडलेले, दाढी राखलेले, चौकड्याचे शर्ट घातलेले गोरे लोक आपापल्या गॅरेजमध्ये उभे राहून अक्रोडाच्या फळीवरून सँडर असं फिरवायचे, की जसा कुणी झोपलेल्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा. त्यांची मतं होती. हिरव्या कंपनीचं मशीन घ्यावं असं निम्म्यांचं म्हणणं, निळ्या कंपनीचं घ्यावं असं निम्म्यांचं. दोन्ही परदेशी, दोन्ही महाग, दोन्ही धाराशिवात कुणी डोळ्यांनी न बघितलेली. हिरव्याची मोटर दणकट. निळं वजनाला हलकं, हाताला मुंग्या आणत नाही. हिरव्याचं धूळ ओढायचं यंत्र मोठं, पण निळ्याच्या चकतीला जाळीसारखी असंख्य भोकं, त्यामुळं धूळ उडायच्या आधीच आत जाते. उमाशंकरच्या डोक्यात आपोआप कोर्ट भरलं. हिरव्याचा वकील उठायचा, त्याचं पुरं होतं न होतं तोच निळ्याचा. दोघंही मुद्द्याचं बोलायचे. दोघांचंही त्याला पटायचं. आणि निकाल द्यायची वेळ आली की त्याच्या लक्षात यायचं की खुर्चीवर न्यायाधीशच नाही, आपण एकटेच आहोत, आणि आपल्याला तर फक्त उतरवून घेता येतं. मग तो सुनावणी पुढं ढकलायचा.

एका दाढीवाल्यानं सांगितलं की दिसणाऱ्या धुळीला घाबरायचं कारण नाही, ती नाकातच अडकते. जी दिसत नाही, तीच खोल जाते आणि आत राहते. हे वाक्य त्याला झोंबलं. तो गच्चीवरच्या खोलीत जाऊन उभा राहिला. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात कण तरंगत होते, सावकाश, कुणाला कसली घाई नसल्यासारखे. हे तर दिसतात, म्हणजे हे निरुपद्रवी. ह्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत जे काही आहे ते खरं. त्यानं श्वास रोखून धरला, मग सोडावा लागला, आणि सोडल्यावर घ्यावाही लागला. महेश्वरीनं असे किती श्वास घेतले असतील. खाली आल्यावर ती देवघरासमोर बसलेली दिसली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेली, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की विभूतीचा कण किती मायक्रॉनचा असेल. विचाराची त्याची त्यालाच लाज वाटली. त्यानं लिंगाला हात जोडले आणि जोडतानाच लक्षात आलं, की पंचपाळ्यावर भुसा आहे. तो त्यानं फुंकरीनं उडवला. ती खोकली.

मशीन येईस्तोवर लाकडाला हात लावायचा नाही हा त्याचा पण होता, त्यामुळं तो आता दिवसभर खालीच असे. सोफ्यावर बसून व्हिडिओ बघायचा, एखादा मुद्दा महत्त्वाचा वाटला की स्वयंपाकघरात जाऊन तिला दाखवायचा. "हे बघ, पाइप आपोआप फिरतोय, गुंता होत नाही." ती बघायची. "ह्याला टाइमर आहे, आपण बंद केलं तरी थोडा वेळ ओढत राहतं." ती फोडणी देताना बघायची. पुण्याहून कुमारचा फोन आला तर त्यालाही तो निळं-हिरवं ऐकवायचा, आणि कुमार म्हणायचा, "पप्पा, कुठलं बी घ्या, दोन्ही चांगलेच हायत," जे उत्तर निकालपत्रात कधीच चालत नाही. दुपारी महेश्वरी आतल्या खोलीत लवंडायची तेव्हाही तो दारात उभा राहून विचारायचा, "झोपलीस का?" तिचा खोकला खरं तर कमी झाला होता. पण चेहरा उतरला होता. पूर्वी ती दुपारी बहिणीशी, रुद्रम्माशी, फोनवर तासन्तास कन्नडमध्ये बोलायची आणि हसायची. आता दबक्या आवाजात बोलून लवकर फोन ठेवायची. एकदा त्यानं दाराआडून ऐकलं. त्याला कन्नड येत नव्हतं, पण "इवरु" म्हणजे "हे", म्हणजे आपणच, एवढं ठाऊक होतं. "इवरु" बरेचदा आलं, "मशीन" आलं, परत "मशीन," आणि मग "साकु." साकु म्हणजे पुरे. हा शब्द तो जावई म्हणून जळकोटच्या पंगतीत शिकला होता. तो वेळेवर न म्हणाल्यामुळं एकदा त्याला इतक्या पुरणपोळ्या खाव्या लागल्या होत्या की संध्याकाळी आडवं व्हावं लागलं. तिला पुरे झालंय. जगणं पुरे झालंय की काय. आजाराला ती कंटाळली, बोलत नाही, बहिणीला सांगते, आणि आपण इथं पाइपाची लांबी मोजतोय. मेडिकलवाल्यानं पंप देताना खोक्यावरचे धोक्याचे इशारे वाचून दाखवले होते ते त्याला आठवले, पिकनिकला गेलेल्या एका ओळखीच्या बाईंना दम्याचा झटका कसा आला होता ते आठवलं, आणि ज्यांच्या मरणाचे कागद त्यानं टाईप केले होते ती सगळी माणसं ओळीनं येऊन दाराशी बसली.

दुसऱ्या दिवशी ती शेंगा फोडत बसली असताना तो तिच्यासमोर खाली जमिनीवर बसला. गुडघे कुरकुरले. त्यानंही दोन शेंगा उचलल्या.

"डॉक्टरांना शेजारी बांधकाम चालू आहे म्हणून कशाला सांगितलंस?"

"कवा?" ती म्हणाली. मग तिला आठवलं. "ते व्हय."

"खोटं होतं ते."

"खोटंच होतं," महेश्वरी म्हणाली. इतक्या सहज कबूल झालेला साक्षीदार त्यानं सबंध नोकरीत बघितला नव्हता. "खरं सांगितलं असतं तर त्यांनी तुमचं घासणं बंद करायला लावलं असतं."

जे ऐकायची त्याला भीती होती तेच ते होतं. "म्हणजे तू माझ्यासाठी एवढा त्रास…"

"तुमच्यासाठी कशाला?" तिनं मान वर केली. "तुमचं वरचं बंद झालं असतं तर तुम्ही खाली आला असतात."

शेंग त्याच्या हातातच राहिली.

"आता आलातच की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तशी ती सांगत होती. "सासूबाई होत्या तवा त्यांचं होतं. कुमारची शाळा होती, क्लास होता. तुम्ही कोर्टात जायचात तवा डबा होता. सगळं झालं आन् मला दुपार मिळाली. तेवढ्यात तुम्ही रिटायर झालात. म्या देवाला म्हणलं, आता कसं. तर तुम्हाला ते लाकडाचं वेड लागलं. वर गेलात. लई बरं वाटलं मला. भुसा यायचा, पण पुसला की जायचा. तुम्हाला पुसता येतंय का?"

"पण खोकला?"

"खोकला परवडला," महेश्वरी म्हणाली आणि फोडलेले दाणे पाखडायला उठली.

तो वर गेला. गच्चीवरच्या खोलीत स्टुलावर बसला. स्टूल डुगडुगलं. त्याला फार अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि गंमत अशी की नेमका कुठल्या शब्दानं झाला ते सापडत नव्हतं. तिनं एकही वाईट शब्द वापरला नव्हता. तो तिच्या बाजूनं तिचा त्याग रचत बसला होता, पोळपाटासारखा गोल आणि गुळगुळीत, आणि तिथं त्याग नव्हताच, एक दुपार होती. कोर्टातून तो रोज संध्याकाळी घरी यायचा तेव्हा घरात जो उजेड असायचा, आवरलेला, शांत, तो त्याच्या येण्यासाठी तसा असतो अशी त्याची समजूत होती. तो उजेड दुपारपासूनच तिथं असणार. त्याच्याशिवाय असणार. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं मोबाइल काढला. हिरवं की निळं, भोकं किती, वॉट किती, काही एक आठवेना. जे पहिलं दिसलं त्यावर त्यानं बोट दाबलं, सँडरही आणि धूळ ओढायचं यंत्रही. ते निळं निघालं. एवढ्या दिवसांची सुनावणी संपली आणि निकालाला कारणं नव्हती.

दोन खोकी सोलापूरहून टेम्पोनं आली. ड्रायव्हरनं ती गेटात ठेवली आणि तो निघून गेला. उमाशंकरनं ती एकेक पायरी करत वर चढवली. खालून महेश्वरीनं, "कुणाला बोलवू का?" विचारलं तर त्यानं उत्तर दिलं नाही. वर जाऊन पाइप जोडला, चकती लावली, एक सागवानी फळी पुढं घेतली आणि बटण दाबलं. सँडर सुरू झालं तसं कोपऱ्यातलं यंत्रही आपलं आपण घुमायला लागलं, एखादं जाडजूड जनावर झोपेत गुरगुरावं तसं. फळीवर धूळ नव्हती. हवेत नव्हती. हातावरच्या केसांवर नव्हती. सागवानाचा तो तेलकट, जरासा चामड्यासारखा वासही यंत्रानं गिळला होता. फळी गुळगुळीत होत होती आणि काम मात्र झाल्यासारखं वाटत नव्हतं. काम संपल्यावर तो पूर्वी अंगावरचा भुसा गच्चीत झटकायचा. आता सवयीनं गच्चीत गेला, बाह्या झटकल्या, आणि झटकायला काही नाही म्हटल्यावर तसाच उभा राहिला. पलीकडच्या गच्चीवर सिताबाई कुरड्या वाळत घालत होत्या. त्यांनी बघितलं. त्यानं पुन्हा एकदा बाह्या झटकल्या आणि आत आला.

मग तो वरच राहू लागला. हट्टानंच. दुपार पाहिजे ना, घे दुपार. चहालाही खाली यायचा नाही. थर्मास घेऊनच जायचा. जेवायला तिनं हाक मारली की येऊन, न बोलता जेवून परत जायचा. खालून आता तिच्या हसण्याचे, कन्नडचे आवाज यायचे. ते ऐकून त्याला बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून राग यायचा. त्या रागात त्यानं एक फळी इतकी घासली की ती वहीच्या पुठ्ठ्याइतकी पातळ झाली आणि तिचा कशालाच उपयोग राहिला नाही.

एका दुपारी जेवायची हाक त्याला यंत्राच्या आवाजात ऐकूच आली नाही. मान वर केली तर महेश्वरी दारात उभी होती. ह्या खोलीत ती कधी येत नसे. भुशानं लगेच दम लागायचा. तिनं पदर नाकाला लावलेलाच होता. तो तिनं थोडा खाली घेतला. मग पूर्ण सोडला. खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं.

"धूळ कुठं गेली?"

"पोटात," त्यानं कोपऱ्यातल्या यंत्राकडं हात केला. झाकण उघडून आतली फुगलेली पिशवी दाखवली. तिनं ती बाहेरून चाचपली, कणकेचा गोळा चाचपतात तशी.

"द्या इकडं," ती म्हणाली आणि त्याच्या हातातलं सँडर घेतलं.

"दाबू नकोस. वजन देऊ नकोस. ते आपलं आपण करतं." त्यानं तिचा हात धरून फळीवर नीट ठेवला. तिनं बटण दाबलं. पहिल्यांदा ती दचकली, मग खांदे सैल सोडले, आणि थोड्याच वेळात मशीन असं फिरवायला लागली जसं ते तिचंच होतं. ओठ किंचित उघडे होते. तिचा श्वास तो ऐकू बघत होता, पण यंत्राच्या घरघरीत तो ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून तो तिच्या पाठीकडं बघत राहिला, वर, खाली, वर, खाली. आणि मग, ती ऐकत नाही ह्या भरवशावर, तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी डॉक्टरांकडं मला वाटलं, तुला काहीतरी होणार आणि ते माझ्यामुळं होणार."

"काय?" महेश्वरी फळीवरून नजर न काढता म्हणाली.

"घाबरलो होतो म्हणलं."

"ऐकू येईना."

त्यानं छाती भरून घेतली. सगळ्या नोकरीत एवढ्या मोठ्यानं त्यानं एक शब्द उच्चारला नव्हता. "तू गेलीस तर मी काय करू ह्याची भीती वाटली होती मला," तो ओरडला, आणि नेमकं त्याच क्षणी तिनं बटण सोडलं. वाक्य मोकळ्या हवेत सुटलं, गच्चीवरून पलीकडं गेलं. सिताबाईंच्या हातातली कुरडई हातातच राहिली.

महेश्वरीनं खिडकीतून एकदा सिताबाईंकडं बघितलं, मग त्याच्याकडं. कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"हळू बोला," ती म्हणाली. "ऐकायलीय मी."

आणि बोट बटणावरच ठेवून, पण न दाबता, ती थांबली.